ओसरी आणि वाटसरू

महाडाहून पोलादपुराकडे जाणाऱ्या रस्त्यालगत आमच्या घराण्याचें एक जुनें घर आहे. जुनें म्हणण्यासारखें त्यांत आतां फारसें राहिलेलें नाहीं; कौलें बदललीं, मागील पडवीची भिंत विटांची झाली, माजघरांत फरशी आली. पुढची ओसरी मात्र आजोबांच्या वेळीं होती तशीच आहे. पंधरावीस माणसें सहज आडवीं होऊं शकतील इतकी ती लांब आहे, आणि मी लहान असतांना वर्षांतून कांहीं रात्री ती खरोखरच माणसांनीं भरून जात असे. घाट चढून देशावर जाणारे वारकरी, रायगडाच्या वाटेनें निघालेलीं शाळाकॉलेजांतलीं पोरें, शिवथरघळीस जाणारा एखादा रामदासी, हे सारे येत, हातपाय धूत, शिदोरी सोडून खात आणि पहांटे आम्ही उठण्यापूर्वीं निघून जात. त्यांना कोणी कांहीं विचारीत नसे, आणि तेहि आपण होऊन फारसें सांगत नसत. पुढें एकदां ओसरीवरची पितळी घागर व दोन घोंगड्या चोरीस गेल्या, आणि काकांनीं ओसरीला लोखंडी जाळी बसवून कुलूप घातलें. ती जाळी काढावी कीं ठेवावी, एवढ्याच प्रश्नावर हा सारा लेख आहे. कोणा वाचकास हा विषय क्षुद्र वाटला तर मी त्याला दोष देणार नाहीं.

प्रश्न निघाला तो माझ्या पुतण्यामुळें. त्याला सायकलीचा छंद आहे. मुंबईपुण्याकडील त्याचे मित्र पोलादपुरावरून आंबेनळी घाटानें प्रतापगड आणि महाबळेश्वर गांठतात. कोणी ६ जूनच्या सोहळ्यासाठीं सायकलीवरूनच पाचाडापर्यंत येतात. या सर्वांची तक्रार एकच असते. वाटेंत मोटारवाल्यांसाठीं हॉटेलें पुष्कळ, पण चिखलानें माखलेल्या सायकलस्वारास किंवा पाय फुटलेल्या पदयात्रेकरूस आनंदानें आंत घेणारें ठिकाण मिळत नाहीं. म्हणून पुतण्याची योजना अशी कीं, ओसरीवर आडभिंती घालून चार खोल्या काढाव्या, न्हाणीघर बांधावें, सायकली अडकविण्यास भिंतींत कड्या ठोकाव्या, पंक्चर काढण्याचें सामान व हवेचा पंप ठेवावा, आणि रीतसर दर लावून पाटी टांगावी. योजना वाईट नाहीं. घर पडून जाण्यापेक्षां तें आपल्या उत्पन्नावर उभें राहावें, इतकाच त्याचा हेतु आहे. मी लगेच होकार दिला असता, परंतु त्या वेळीं मला एक जुनी रात्र आठवली, आणि मी म्हटलें, "विचार करून सांगतों." तो विचार अजून संपलेला नाहीं.

ती रात्र १९ मार्चची होती. दुसऱ्या दिवशीं, म्हणजे २० मार्चला, महाडास चवदार तळ्यावर दरवर्षीं हजारों माणसें जमतात, हें महाराष्ट्रांत सर्वांस ठाऊक आहे. त्या संध्याकाळीं एक वृद्ध जोडपें आमच्या फाटकाशीं आलें. पोलादपुराकडून तीं चालत आलीं होतीं, आणि म्हातारीचा पाय सुजला होता. ओसरीवर रात्रभर पडूं द्याल का, असें म्हाताऱ्यानें विचारलें. जाळीला कुलूप असलें तरी किल्ली आंतल्या खुंटीवरच होती. काका बाहेर आले, त्यांनीं दोघांकडे पाहिलें, मला पाणी आणण्यास सांगितलें, आणि पाणी येण्यापूर्वींच अगदीं सौम्य स्वरांत विचारलें, "आडनांव काय आपलें?" म्हाताऱ्यानें उत्तर दिलें नाहीं. त्यानें बायकोच्या हातांतली पिशवी घेतली, "चल गं" म्हणाला, आणि तीं दोघें अंधारांत महाडाच्या दिशेनें निघून गेलीं. पुढें हा विषय निघाला म्हणजे काका नेहमीं म्हणत, "मी नाहीं म्हटलें का? विचारलें फक्त." तें अक्षरशः खरें होतें. मी पाण्याचा तांब्या घेऊन उंबऱ्यांत उभा होतों. मी त्या वेळीं चाळिशीचा होतों. किल्ली माझ्या हाताच्या अंतरावर होती.

हा प्रश्न महाडाच्या पंचक्रोशींत विचारला जावा, यांत एक विशेष कटुता आहे. १९२३ च्या ऑगस्टांत सीताराम केशव बोले यांनीं मुंबईच्या कायदे कौन्सिलांत जो ठराव मंजूर करून घेतला, त्यांतील पाणवठे आणि विहिरी आपणांस आठवतात. पण त्याच ठरावांत सार्वजनिक पैशानें बांधलेल्या व चालविलेल्या धर्मशाळांचाहि उल्लेख होता, हें आपण विसरतों. वाटसरूला पाणी आणि निवारा या दोन गोष्टी लागतात, आणि ठरावानें दोन्ही एकाच वाक्यांत आणल्या होत्या. महाडच्या नगरपालिकेनें १९२४ मध्यें त्याला अनुसरून तळें सर्वांस खुलें केलें. केलें तें कागदावर. १९२७ च्या मार्चांत कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषदेसाठीं जे हजारों लोक महाडास आले, त्यांना पिण्याचें पाणी ४० रुपये मोजून विकत घ्यावें लागलें. गांवाच्या मधोमध तळें भरलेलें होतें. २० मार्चला डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या तळ्यावर गेले व पाणी प्याले, हा इतिहास सर्वश्रुत आहे. त्यानंतर वीरेश्वराच्या देवळांत हे लोक शिरणार अशी कंडी पिकवून परतणाऱ्यांवर हल्ले झाले, हेंहि सर्वश्रुत आहे. पाहुणा म्हणून आलेल्या त्या जखमी माणसांना आसरा मिळाला तो मुसलमानांच्या घरांत. आंबेडकरांचा मुक्काम सरकारी डाकबंगल्यांत होता. त्याच वर्षीं डिसेंबरांत दुसरी परिषद भरली, तेव्हां मंडपासाठीं जागा दिली ती फत्तेखान नांवाच्या एका मुसलमान गृहस्थानें. मुंबईहून येतांना आंबेडकर धरमतरच्या वाटेनें न येतां 'पद्मावती' बोटीनें दासगांवास उतरले. कारण असें कीं, धरमतरहून मोटारवाल्यांनीं आयत्या वेळीं बसूं देण्याचें नाकारलें तर काय करावयाचें? दासगांवाहून महाड अवघें पांच मैल. तेवढें पायीं चालतां येईल.

मला या सर्व हकीकतींत हा पांच मैलांचा हिशेब सर्वांत बोलका वाटतो. मोटार, दुकान, घर, पाणवठा या प्रवाशाच्या साऱ्या सोयी एका माणसाच्या बाबतींत बंद असूं शकतात, हें गृहीत धरून त्यानें आपला मार्ग आंखलेला आहे. ज्याला कोणी बसूं देणार नाहीं त्याच्यापाशीं शेवटीं आपले पाय उरतात. पदयात्रा ही भक्तीची खूण म्हणून आपण गौरवितों. परंतु तिच्या मुळाशीं भक्ति असते तशी कधीं कधीं केवळ लाचारीहि असते, आणि दारांत उभ्या असलेल्या माणसाकडे पाहून या दोहोंतला फरक ओळखतां येत नाहीं. सोयीचा प्रश्न हा म्हणूनच केवळ सोयीचा नसतो.

तळ्याचा दावा पुढें दहा वर्षें चालला. वादी मंडळींचें म्हणणें असें होतें कीं, तळें खाजगी आहे व अस्पृश्यांस त्यापासून दूर ठेवण्याची वहिवाट पुरातन आहे. मुंबईच्या हायकोर्टानें मार्च १९३७ मध्यें तें म्हणणें फेटाळलें. आतां प्रामाणिकपणें विचार करावयाचा तर तळें आणि माझी ओसरी यांत भेद आहे, हें कबूल केलें पाहिजे. तळें गांवाचें, ओसरी माझी. तळ्यावर येणाऱ्याचा जो हक्क आहे तो माझ्या ओसरीवर येणाऱ्याचा नाहीं. जर्मन तत्त्ववेत्ता कॅन्ट यानें १७९५ सालीं शाश्वत शांततेवर जो निबंध लिहिला त्यांत त्यानें असाच एक भेद केलेला आहे. परक्या माणसाला आपल्या भूमीवर पाऊल ठेवतांच शत्रु मानलें जाऊं नये, इतका त्याचा हक्क. पाहुणा म्हणून घरांत घ्यावें हा मात्र त्याचा हक्क नव्हे, तें यजमानाच्या मर्जीवर. त्या माणसाचा नाश ओढवणार नसेल तर त्याला परत पाठवितां येतें, असेंहि तो म्हणतो. कॅन्ट राष्ट्रांविषयीं लिहीत होता, आणि तो स्वतः आपलें गांव व त्याचा परिसर सोडून फारसा कोठें गेलाच नाहीं. रात्रीं नऊ वाजतां अनोळखी दार ठोठावण्याचा प्रसंग त्याच्यावर आला असेल असें वाटत नाहीं. त्याच्या कसोटीला माझे काका उतरले असते. महाड पुढें होतें, रस्ता चालू होता, कोणाचा नाश होणार नव्हता.

तरी पण ती कसोटी अपुरी आहे, असें मला वाटतें, आणि कां अपुरी वाटतें तें शोधूं लागलें म्हणजे ओसरी या वस्तूपाशींच यावें लागतें. ओसरी छपराखालीं असते, पण उंबऱ्याच्या बाहेर असते. ती घर नव्हे आणि रस्ताहि नव्हे. ज्यानें प्रथम घराला ओसरी काढली, त्यानें आपल्या मालकीचा एक तुकडा येणाऱ्याजाणाऱ्यासाठीं म्हणून मोकळा सोडला. ही रीत या प्रदेशांत फार जुनी आहे. महाडाच्या वेशीवर गांधारपाल्याचीं लेणीं आहेत. त्यांतील एका शिलालेखांत कानभोज विष्णुपालित नांवाच्या राजकुमारानें दिलेल्या दानाची नोंद आहे: लेणें, चैत्यगृह, आठ खोल्या, पाण्याचीं टांकीं, आणि लेण्याशीं जोडलेली वाट. देणगींत वाट धरावी, ही गोष्ट मला विलक्षण वाटते. नाशिकच्या लेण्यांत उषवदातानें भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन आणि शूर्पारक येथें बांधलेल्या विश्रामगृहांची व नद्यांवर ठेवलेल्या फुकट नावांची यादी कोरलेली आहे. हे दाते आपल्या दानाचें पुण्य घेण्यास चुकले नाहींत. नांवें दगडांत खोदून ठेवलीं. परंतु नाव कोणाला मिळेल आणि कोणाला मिळणार नाहीं, अशी अट त्या यादींत नाहीं. दात्यानें स्वतःचें नांव सांगितलें आहे, घेणाऱ्याचें विचारलेलें नाहीं.

यावरून मला जें दिसतें तें असें. माझी ओसरी बंद ठेवण्याचें मला स्वातंत्र्य आहे. घागर चोरीस गेल्यावर काकांनीं जाळी बसविली, यांत मी त्यांना दोष देत नाहीं. भीति ही कांहीं पाप नव्हे. पण एकदां दार उघडावयाचें ठरविलें कीं तें कोणासाठीं उघडावें हें जन्मावरून निवडण्याचें स्वातंत्र्य मला उरत नाहीं. दारू पिऊन आला, दांडगाई केली, तर बाहेर काढावा. तें त्याच्या वर्तनावरून झालें. आडनांवावरून निवडूं लागलों कीं ओसरी म्हणजे उंबऱ्याच्या बाहेर आणलेलें माजघर होतें, आणि तिची सारी थोरवी खोटी ठरते. काकांनीं "फक्त विचारलें" हेंच चुकलें. कारण उत्तराला जर कांहींच महत्त्व नव्हतें, तर प्रश्न कशाला हवा होता? म्हातारा तें आमच्यापेक्षां अधिक चांगलें समजला.

येथें एक आक्षेप येतो, आणि तो पुतण्यानेंच घेतला. तो म्हणाला, "काका, म्हणूनच दर लावूं या. पैसे मोजणाऱ्याला कोणी जात विचारीत नाहीं." या युक्तिवादांत बरेंच तथ्य आहे. फुकट देणाऱ्याच्या मनांत आपण कोणाला देतों याची चौकशी सहज शिरते. विकणाऱ्याला तिची गरज नसते. खानावळीनें आणि आगगाडीनें जें केलें तें पुष्कळ प्रवचनांनीं झालें नाहीं. शिवाय फुकटाचें एक ओझें घेणाऱ्यावरहि असतें. वारीमध्यें हें ओझें हलकें करण्याची एक सुंदर युक्ति आहे: वाढणारा आणि जेवणारा दोघेहि एकमेकांस 'माऊली' म्हणतात, म्हणजे कोण देतो आणि कोण घेतो हें क्षणभर पुसलें जातें. परंतु ती किमया दिंडीची आहे. एकट्यादुकट्या सायकलस्वाराला घरांत घेऊन मी त्याला माऊली म्हटलें, तर तो बिचारा संकोचानेंच उपाशी राहील.

मात्र बाजार हाहि निर्मळ नसतो, याची साक्ष महाडानेंच दिलेली आहे. ते ४० रुपये! पैसे घेतले, पाणी दिलें, आणि तळें बंदच ठेवलें. पैशानें पाणी मिळालें. पाण्यावरचा अधिकार मिळाला नाहीं. आणि दर लावला कीं ज्याच्यापाशीं तो नाहीं त्याचा प्रश्न मिटत नाहीं, तो फक्त माझ्या दारापासून दूर जातो. त्या जोडप्यापाशीं चार खोल्यांपैकीं एकीचें भाडें असतें, तर तीं पोलादपुराहून पायीं कशाला आलीं असतीं? शिवाय भाड्यानें खोली देणाऱ्यास प्रवाशाचें नांव वहींत लिहावें लागतें व ओळखपत्र पाहावें लागतें. म्हणजे आडनांव कळणारच. मग मीं स्वतःपुरता एक नियम ठरविला: किल्ली आधीं, वही मागून. हा नियम कोणत्याहि शास्त्रांत सांपडणार नाहीं, पण माझ्या चुकीवर तो बरोबर बेततो.

स्पेनमध्यें सांतियागो येथील यात्रेच्या मार्गावर अशीं शेंकडों विश्रामगृहें आहेत. कांहीं ठरलेला दर घेतात, कांहीं ठिकाणीं एक पेटी ठेवलेली असते आणि ज्यानें त्यानें मनास येईल तें टाकावें अशी रीत असते. तेथें यात्रा पूर्ण झाल्याचें प्रमाणपत्र मिळण्यास पायीं १०० किलोमीटर किंवा सायकलीनें २०० किलोमीटर यावें लागतें, आणि पुष्कळ सार्वजनिक विश्रामगृहांत जागा थोडी असली म्हणजे पायीं येणाऱ्यास आधीं व सायकलवाल्यास मागून घेतात. थकव्याचा असा हिशेब मांडलेला वाचून प्रथम हसूं आलें. नंतर वाटलें, यांत जन्म नाहीं, पंथ नाहीं, पैसा नाहीं. आज कोण किती चाललें एवढेंच पाहिलें जातें. अग्रक्रम लावणें अटळच असेल तर याहून निर्दोष क्रम मला सुचत नाहीं.

आमच्याकडे यात्रेकरू कोण आणि सहलीला निघालेला कोण, हें ठरविणेंहि सोपें नाहीं. येथें एकच देव आणि एकच वाट असती तर गोष्ट निराळी. ६ जून १६७४ चा राज्याभिषेक ज्या गडावर झाला तो येथून जवळ. तानाजीची समाधि उमरठास. शिवभारत लिहिणाऱ्या कवींद्र परमानंदाची समाधि पोलादपुरांत. दासबोधाची जागा म्हणून मानली जाणारी शिवथरघळ महाड तालुक्यांत. आणि चवदार तळें भर गांवांत. कोणी मशाल घेऊन रात्रभर पळत जातो, कोणी टाळ वाजवीत जातो, कोणी निळा झेंडा घेऊन येतो, कोणी नुसता घाट चढण्याच्या हौसेनें सायकल दामटतो. यांपैकीं कोणाची वाट पवित्र व कोणाची नाहीं हें ओसरीच्या मालकानें ठरवूं नये. तीर्थ या शब्दाचा मूळ अर्थ नदीचा उतार, पाण्यांत उतरण्याची जागा. त्या अर्थानें पाहिलें तर जेथें तहानलेला माणूस पाण्यापर्यंत पोंचूं शकतो तेथें तीर्थ असतें.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. २२ जुलै १९२७ ला नव्हे, तर त्यानंतर ९४ वर्षांनीं, २२ जुलै २०२१ ला सावित्रीनें महाड बुडविलें. त्याच दिवशीं तळिये गांवावर दरड कोसळली, आणि पोलादपूर तालुक्यांतहि दरडींनीं माणसें गेलीं. आमचें घर उंचवट्यावर असल्यानें वांचलें. पुढचे दहाबारा दिवस मुंबई, पुणें, सातारा, कोल्हापूर येथून फावडीं, औषधें, भाकऱ्या घेऊन तरुण पोरें आलीं. घराघरांतला चिखल त्यांनीं उपसला. त्यांतील पंचवीसएक आमच्या ओसरीवर झोंपलीं. जाळीचें कुलूप वहिनींनीं स्वतः उघडलें. त्या दिवसांत कोणाचें आडनांव काय, हें विचारण्याचें आम्हांपैकीं कोणासहि सुचलें नाहीं, काकांसहि नाहीं. ते खाटेवर पडून त्या मुलांना चहा मिळाला का एवढेंच विचारीत. पाहुणे तीं मुलें नव्हतींच. त्या आठवड्यांत सारें महाडच दुसऱ्याच्या दारीं उभें होतें. काका दुसऱ्या वर्षीं वारले. त्यांच्याशीं त्या १९ मार्चविषयीं पुन्हां बोलावयाचें राहून गेलें, आणि खरें सांगावयाचें तर मीं तें टाळलें. माझ्या मौनाचा जाब मला त्यांच्याकडून नव्हे, माझ्याकडूनच घ्यावयाचा होता.

या साऱ्या विचारांत एक मोठी चूक माझ्याकडून होत होती, ती वहिनींनीं दाखविली. मी आणि पुतण्या दान कीं दर, हक्क कीं मर्जी, असा वाद घालीत बसलों असतां त्या म्हणाल्या, "भावजी, तुमचें सारें ठीक आहे. पण ओसरीवर पंधरा माणसें झोंपलीं म्हणजे पहांटे पाणी कोण तापवणार, आणि त्यांच्यांतल्या बायकांनीं जायचें कोठें?" मी गप्प झालों. आजोबांच्या ज्या ओसरीचा मी एवढा गौरव केला, तिच्यामागें आजीचें आणि माझ्या आईचें न मोजलेलें कष्ट होते. पुण्य ओसरीच्या खात्यावर जमा झालें, भांडीं मागच्या पडवींत घांसलीं गेलीं. आणि त्या ओसरीवर झोंपलेल्या बायका मला आठवूं म्हटलें तरी आठवत नाहींत; सोय नव्हती म्हणून त्या थांबतच नसल्या पाहिजेत. रस्ता रुंद करतांना जुनीं झाडें गेलीं, त्यामुळें आतां वाटेंत आडोसाहि उरलेला नाहीं. ज्या आदरातिथ्याचें ओझें दुसऱ्याच्या पाठीवर असतें त्याबद्दल उदारपणाचा मान आपण घ्यावा, हें काकांच्या प्रश्नाइतकेंच चमत्कारिक आहे, फक्त तें दिसत नाहीं इतकेंच. दर लावण्याच्या बाजूनें मला पटलेलें खरें कारण हें आहे. खाट, अंथरूण, जेवण यांचें मोल घ्यावें, आणि तें ज्याच्या हातांनीं काम झालें त्याच्या हातांत पडावें. पाणी, शौचकूप आणि ओसरीवर पाठ टेकण्याइतकी जागा यांचें मोल घेऊं नये.

तेव्हां चार खोल्यांच्या दोन झाल्या आहेत, आणि उरलेली ओसरी मोकळी राहावयाची आहे. गेल्या आठवड्यांत लोहार आला. जाळीचे खिळे भिंतींत फार खोल गेलेले निघाले. एक बाजू सुटली, दुसरी सोडवितांना आजोबांच्या वेळचा गिलावा बराच पडला. पाटीवर काय लिहावें याविषयीं पुतण्याचें आणि माझें अद्याप एकमत नाहीं. त्यानें 'पदयात्री व सायकलस्वारांसाठीं राहण्याची सोय' असें रंगवून आणलें आहे. त्याखालीं 'पाणी आंत आहे' एवढे शब्द असावेत असें मला वाटतें, आणि तो म्हणतो कीं यामुळें पाटी गांवंढळ दिसेल. वहिनींचें म्हणणें असें कीं, पाटीचें मागून पाहतां येईल, न्हाणीघराच्या दाराला आंतून कडी आधीं बसवून घ्या.